आई-बापाला शुगर होती का?



गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आरोग्य शिबिर घेतलं. टेबलं शाळेतून आणलेली, डॉक्टर ओळखीतून मिळालेले, फॉर्म भरायला आम्ही पाच-सहा पोरं. माझ्या टेबलासमोर आमच्याच गल्लीतल्या एक आत्या बसल्या. वय ४६, सफाईच्या ठेक्यावर काम. पहाटे चारला उठून दोन वॉर्ड झाडतात. अंगानं काटक. कंबर मोजली तर ७८ सेंटिमीटर.

शेवटचा प्रश्न मी विचारला, "आत्या, आई-वडिलांना शुगर होती का?"

"मला काय ठाऊक रे बाबा. आई सुकत सुकत गेली. बा रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. त्यांना तपासलं होतं कोणी?"

फॉर्मवर तीन चौकोन होते. दोघांनाही नाही, एकाला आहे, दोघांना आहे. 'माहीत नाही' असा चौकोनच नव्हता. मागे रांग वाढत होती. मी पहिल्या चौकोनात खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. रात्री झोपताना ती खूण आठवली, आणि लक्षात आलं की आपण एक खोटं विधान लिहून आलो. 'तपासलंच नाही' याचं आपण 'आजार नव्हता' करून टाकलं.

तो फॉर्म म्हणजे इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि देशभर वापरला जातो. चार गोष्टींना गुण. वय ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशीपुढे ३०. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, पुढे १० किंवा २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हीपैकी एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त झाली की धोका मोठा.

आत्यांचा हिशोब बघा. वयाचे २०, कंबरेचे शून्य, कष्टाचं काम आहे पण 'व्यायाम' नाही म्हणून २०, आई-बापाचे शून्य. एकूण ४०, म्हणजे मध्यम धोका. समजा त्यांच्या आई-बापाला खरोखरच शुगर होती आणि कोणी तपासून सांगितली होती, तर हीच बेरीज ६० झाली असती. बाई तीच, शरीर तेच, रक्तही तेच. फरक एवढाच की बँकेतल्या अधिकाऱ्याच्या आईची शुगर तीस वर्षांपूर्वी फॅमिली डॉक्टरनं शोधली होती, आणि आत्यांच्या आईला मरेपर्यंत रक्त तपासायला कोणी बोलावलं नाही. ज्यांच्या मागच्या पिढीला दवाखाना मिळाला, त्यांना गुण मिळतात आणि तपासणीही आधी मिळते. ज्यांना मिळाला नाही, त्यांच्या पुढच्या पिढीला तो नाकारायचं कारण त्याच फॉर्मवर तयार होतं. जात कुठेच विचारली नाही, तरी जात आत शिरली. वारसाहक्क म्हणतात तो असाही असतो.

त्या दिवशी पट्ट्या कमी होत्या. डॉक्टर म्हणाले, ६० च्या वरच्यांचीच बोटातून तपासणी करू. त्या तरुण डॉक्टरांवर माझा राग नाही. दोनशे माणसं आणि साठ पट्ट्या असतील तर कोणीतरी काहीतरी रेघ मारणारच. आमच्यातल्या एका ताईनं हट्ट धरला म्हणून आत्यांचीही तपासणी झाली. उपाशीपोटी २१४. नंतर प्रयोगशाळेत पुन्हा केली, तीही तशीच. उपाशीपोटी १२६ च्या पुढे मधुमेह धरतात. त्यांना किती वर्षांपासून असेल, कोण जाणे.

आता काही मित्र म्हणतील, हे आकड्यांचं शास्त्र प्रस्थापितांचं, फेकून द्या. माझं तसं मत नाही. आकडे फेकायचे नसतात, त्यांची उलटतपासणी करायची असते. त्यासाठी दोन-चार गोष्टी आपल्या पोरांना आल्याच पाहिजेत, म्हणून थोडं गणित सांगतो. कंटाळू नका.

कुठल्याही चाचणीला किंवा स्कोअरला दोन प्रश्न विचारा. आजारी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती पकडते? आणि निरोगी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती निरोगी म्हणून सोडून देते? पुस्तकात पहिल्याला संवेदनशीलता आणि दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात. या मधुमेह स्कोअरचे आकडे त्याच्या कर्त्यांनी स्वतःच छापले आहेत. ६० ची रेघ धरली तर पहिला आकडा ७२.५ टक्के, दुसरा ६०.१ टक्के. म्हणजे न सापडलेला मधुमेह असलेल्या शंभर माणसांतले सत्तावीस-अठ्ठावीस जण रेघेच्या खालीच राहतात. आणि रेघेच्या वर गेलेल्या शंभरांत प्रत्यक्ष मधुमेह निघतो तो १७ जणांनाच. यात लबाडी काही नाही. चार प्रश्नांत आणि एका टेपमध्ये यापेक्षा जास्त मिळत नाही. पण हे चेन्नईच्या लोकांवर तपासलेले आकडे आहेत. निसटलेले सत्तावीस कोण, हे त्यातून कळत नाही. ते सगळीकडून सारखे निसटले, की एकाच प्रकारच्या घरांतून जास्त निसटले? माझा प्रश्न तो आहे, आणि सरासरीचा आकडा नेमका तोच प्रश्न झाकतो.

दुसरी गोष्ट. समजा एक चाचणी आजाऱ्यांतले ९० टक्के पकडते आणि निरोग्यांतले ९० टक्के बरोबर सोडते. झकास वाटते ना? हजार लोकांत खरे आजारी दहाच असतील, तर ती नऊ आजारी पकडते आणि ९९ निरोगी माणसांनाही आजारी ठरवते. 'पॉझिटिव्ह' आलेल्या बारांत एकच खरा. पण ज्या वस्तीत हजारात दोनशे आजारी आहेत, तिथे तीच चाचणी १८० खरे आणि ८० खोटे पकडते. तिथे दहांतले सात खरे. यंत्र तेच, कागद तोच, पण वस्तीप्रमाणे त्याचा अर्थ बदलला. म्हणून एकीकडच्या लोकांवर बनवलेला स्कोअर दुसरीकडे नेताना तो पुन्हा तपासावा लागतो. आपल्याकडे हृदयविकाराचा धोका मोजायला वर्षानुवर्षं फ्रामिंगहॅमचा स्कोअर वापरला गेला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात सुरू झालेल्या अभ्यासावर तो उभा आहे, आणि तिथले लोक जवळपास सगळे गोरे होते.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथे काय झालं ते नीट बघू, कारण तिथे ही लढाई आपल्या पुढे गेलेली आहे.

किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्रानं काढतात. आपल्या रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून जो आकडा येतो तो हाच. १९९९ च्या सूत्रात आणि मग २००९ च्या सूत्रात एक गुणक होता, माणूस काळा असेल तर उत्तराला गुणायचं. २००९ च्या सूत्रात तो १.१५९ होता. कारण काय दिलं? काळ्यांच्या अंगात स्नायू जास्त असतात म्हणून क्रिएटिनिन जास्त दिसतं. ज्या रुग्णांवर सूत्र बांधलं त्यांच्या आकड्यांत सरासरी फरक होता हे खरं. पण तो फरक कशामुळे, हे न शोधता तो कातडीच्या रंगावर लिहून टाकला. परिणाम बघा. तिथे किडनी २० किंवा त्याखाली आली की प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते. गोऱ्या रुग्णाचं उत्तर १८ आलं तर त्याचं घड्याळ सुरू. काळ्या रुग्णाचं तेच १८ गुणकानं जवळपास २१ होतं, त्याचं घड्याळ बंद. रुग्ण जास्त आजारी असूनही कागदावर बरा.

विद्यार्थी, डॉक्टर आणि रुग्ण यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेलं सूत्र आलं. २०२३ च्या जानेवारीपासून तिथल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या काळ्या रुग्णांची प्रतीक्षा पुन्हा मोजायला लावली. जेवढी वर्षं गुणकानं खाल्ली तेवढी परत द्यायची. हजारो रुग्णांचा क्रमांक वर सरकला. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसतं 'चूक झाली, पुढे दुरुस्त करू' नाही. मागची थकबाकीही चुकती करायची. आपल्याकडे बॅकलॉग हा शब्द नोकरीच्या रोस्टरपुरताच उरलाय, तो दवाखान्यातही आणायला हवा.

फुप्फुसाची गोष्ट याहून जुनी आणि याहून घाण आहे. सॅम्युअल कार्टराइट नावाचा लुइझियानातला डॉक्टर गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. पळून जाणाऱ्या गुलामाला 'पळण्याचा रोग' असतो असा शोध लावणारा तो हाच. १८५१ च्या सुमारास त्यानं लिहिलं की काळ्यांची फुप्फुसं वीस टक्के कमी हवा घेतात, आणि सक्तीच्या श्रमानं त्यांचं रक्त सुधारतं. म्हणजे चाबूक हेच औषध! पुढे यादवी युद्धातल्या सैनिकांची मोजमापं झाली, कमी आकडे छापले गेले, आणि गुलाम म्हणून जगलेल्या माणसांच्या फुप्फुसांवर धूळ, उपास, कोंदट कोठड्या यांचा काय परिणाम झाला असेल हे विचारायचं राहून गेलं. तो फरक स्पायरोमीटरच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचला. काळ्यांसाठी १० ते १५ टक्के वजावट, आशियाई लोकांसाठी ४ ते ६ टक्के.

वजावटीनं काय होतं? गोऱ्या माणसाकडून चार लिटरची अपेक्षा असेल आणि त्यानं २.८ लिटर फुंकलं, तर ते ७० टक्के, म्हणजे आजारी. काळ्या माणसाची अपेक्षाच १५ टक्के कापून ३.४ वर आणली, तर तेच २.८ लिटर होतात ८२ टक्के. ८० च्या वर, म्हणजे ठीक. घरी जा, कामावर या. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यांत एका उत्पादक कंपनीनं याच आधारावर कोर्टात मागणी केली होती की काळ्या कामगारांनी भरपाईसाठी गोऱ्यांपेक्षा जास्त बिघाड दाखवावा. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं वंशानुसार वेगळे मापदंड न वापरण्याची शिफारस केली. एकशे सत्तर वर्षं लागली.

आपल्याकडेही युरोपीय आकडे घेऊन त्यातून सरसकट १० टक्के कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी राहिली आहे. 'भारतीयांची फुप्फुसं लहानच असतात' म्हणे! लहान का असतात? लहानपणी पोटभर मिळालं नाही, चुलीच्या धुरात वाढलो, खाणीत आणि गिरणीत उमेद गेली, त्यानं लहान होत नसतील का? पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीनं जे झालं त्यालाच 'नॉर्मल' म्हणून यंत्रात भरलं, की उपासमार कोणाचाच गुन्हा राहत नाही. सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे दोन्ही कामगारांच्या भरपाईसाठी कायद्यात दिलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. दगडखाणीतला, क्रशरवरचा कामगार त्या भरपाईसाठी येतो तेव्हा फुंकलेल्या हवेचा कागद त्याच्या बाजूनं किंवा विरोधात उभा राहतो. त्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठला मापदंड वापरला ते छापलेलं असतं. आपले वकील, युनियनवाले ते वाचतात का?

ऑक्सिमीटरचं थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये अमेरिकेत तपासलं तेव्हा दिसलं की यंत्रावर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन धोकादायक कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के आणि काळ्यांत ११.७ टक्के होतं. रंगानं उजेड वेगळा शोषला जातो, एवढी साधी गोष्ट. त्याच वर्षी आपल्या आशाताई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी घरोघर तेच यंत्र बोटाला लावत फिरत होत्या.

बाबासाहेबांचा या सगळ्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध थेट आहे. ब्रिटिश अधिकारी रिस्ले नाकं मोजत फिरला आणि म्हणाला, जितकं नाक रुंद तितकी जात खालची. त्या काळचं ते 'शास्त्र' होतं, टेबलं होती, सरासरी होत्या. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तो नाकाचा आकडा फेकून दिला नाही. मोजमापं हातात घेतली, प्रांताप्रांतांची तुलना केली, आणि दाखवलं की या मोजमापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. विरोधकाच्याच आकड्यांनी विरोधकाचा सिद्धांत पाडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस होता तो.

आणि तिकडे अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस हेच करत होते. १८९६ मध्ये विमा कंपनीच्या हॉफमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूचे आकडे मांडून लिहिलं की काळे लोक वंशानंच मरायला टेकलेले आहेत, त्यांचा विमा उतरवणं परवडत नाही. द्यु बॉइस यांनी १९०६ मध्ये काळ्यांच्या आरोग्यावर ग्रंथ संपादित करून दाखवलं की फरक रक्ताचा नसून घर, मजुरी, गटार आणि पाणी यांचा आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रो संघटनेच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोघांच्या प्रश्नात साम्य आहे हे त्यांनी त्या पत्रातच नोंदवलं होतं.

आता आपल्यातला एक वाद. काही कार्यकर्ते म्हणतात, मग स्कोअरमध्ये जात घाला, एससीला पाच गुण जास्त द्या. मी याच्या विरोधात आहे. जात रक्तात नाही हे सांगायला आपण शंभर वर्षं घालवली, आता आपणच ती रक्ताच्या रिपोर्टवर छापायची? दुसरे म्हणतात, जातीचं नावच काढू नका, मशीनला जात कळत नाही. हेही मला पटत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका संगणकीय स्कोअरची तपासणी आली. कोणाला जास्त देखभाल द्यायची हे तो ठरवत असे, आणि त्यात वंशाची माहिती घातलेलीच नव्हती. त्यानं आजाराऐवजी मागचा दवाखान्याचा खर्च मोजला. काळ्यांवर खर्च कमी झालेला, कारण त्यांना सेवाच कमी मिळाली. म्हणून ते कमी आजारी ठरले. दुरुस्ती केली असती तर जादा मदतीला पात्र ठरणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. आत्यांच्या आईची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

जात स्कोअरच्या आत नको, पण स्कोअरच्या तपासणीत हवी. कोणत्या जातीचे, कोणत्या कामाचे, कोणत्या वस्तीचे लोक रेघेखाली निसटले, हे मोजायचं. आणि आत काय घालायचं? जगणं घालायचं. इंग्लंडमधला हृदयविकाराचा क्यूरिस्क हा स्कोअर २००७ पासून माणूस किती वंचित भागात राहतो हे पत्त्यावरून धरतो. न धरल्यास गरिबांचा धोका कमी दिसतो आणि गोळ्या श्रीमंतांना जास्त जातात, हे तिथे लक्षात आलं.

आपल्याकडे सरकारचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायचीच असते, पण बेरीज ४ च्या पुढे गेली तर आधी. आत्यांचा हिशोब मी त्यावरही करून पाहिला. वयाचे २, रोजच्या मिश्रीचे २, दारू नाही, कंबर कमी, हालचाल भरपूर, घरात आजार 'नाही'. झाले बरोब्बर ४. त्याच फॉर्मवर पुढे चुलीला कुठलं इंधन, कचरा जाळण्याच्या किंवा धुराधुळीच्या ठिकाणी काम करता का, असे प्रश्न आहेत. आत्यांची दोन्हींवर खूण आहे. पण त्या खुणांना गुण नाहीत. विचारायचं आणि मोजायचं नाही.

विदर्भातल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींत सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच मरतात, म्हणून तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीएवनसी चाचणी त्याच्यात खोटी कमी येते. वाहकांतही ती थोडी कमी दिसू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघायला सांगा. यात जातीचं काही नाही, पूर्वजांच्या जंगलातल्या मलेरियाचं आहे. आणि विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रुग्ण की वाहक हे कळत नाही, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाल्याशिवाय कोणाचं लग्न मोडू नका.

येत्या ६ डिसेंबरच्या शिबिरासाठी आम्ही फॉर्म नव्यानं छापतोय. आई-वडिलांच्या प्रश्नाला चौथा चौकोन घातलाय, 'तपासलंच नव्हतं', आणि ज्याची खूण तिथे पडेल त्याची बोटातून तपासणी बेरीज न बघता करायची असं ठरलंय. पट्ट्यांसाठी वर्गणी चालू आहे. शेवटी जात, काम आणि वस्तीचा रकाना वेगळ्या कागदावर असेल, डॉक्टरांना न दाखवता, म्हणजे कोण निसटलं ते नंतर मोजता येईल. ज्यांना हा फॉर्म आपल्या तालुक्यात वापरायचा असेल त्यांनी तसा निरोप द्यावा. आत्या यावेळी नोंदणीच्या टेबलावर बसणार आहेत. त्यांचं म्हणणं, हा प्रश्न आम्ही बायकाच विचारू, तुम्ही पोरं घाईनं 'नाही' लिहिता.